मागची पायरी

मला नोकरी देण्याआधी बाईंनी मला पाण्यात पाडलं.

नाशिकहून गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागांच्या फटींतून धरणाचं पाणी दिसायला लागतं. त्या पाण्याच्या काठावर बाईंचं बोटिंग होतं. चार वॉटर स्कूटर, एक जुनी मोटरबोट, पत्र्याची शेड आणि निळ्या पिंपांवर तरंगणारा फळ्यांचा धक्का, एवढाच पसारा. मॅनेजर पाहिजे असं कळल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत प्रमाणपत्रांची फाईल मारून तिथे पोचलो. बाई धक्क्यावर बसून उकडलेल्या शेंगा खात होत्या. फाईल त्यांनी हातातही घेतली नाही.

"वजन किती तुमचं?"

मी सांगितलं. थोडं कमी करून सांगितलं.

"दिसताय त्याहून जास्त. उत्तम," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्या काटक्याच आहेत. पोहता येतं?"

"नाही."

"फारच उत्तम. बूट काढा."

थोड्याच वेळात मी जॅकेट आवळून वॉटर स्कूटरवर संपतच्या मागे बसलो होतो. संपत हा हरसूलकडचा, चाळिशीतला, कातडीखाली फक्त दोऱ्या असाव्यात असा माणूस. बाईंकडे पहिल्या दिवसापासून होता. बाई स्वतः मोटरबोट घेऊन मागून येत होत्या, शेंगांचा पुडा मांडीवर ठेवून. पाण्याच्या मध्यावर आल्यावर संपतने मान वळवून विचारलं, "सायेब, घट्ट धरलं का?"

"धरलं."

"मंग आता सोडा." आणि त्याने स्कूटर अशी वळवली की मी सोडण्याचा प्रश्नच उरला नाही.

जॅकेटने मला बुडू दिलं नाही, पण नाकातोंडात गेलेलं पाणी बाहेर येईपर्यंत माझी सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. संपतने इंजिन बंद केलं होतं. स्कूटरचा मागचा भाग माझ्यासमोर हलत होता आणि त्याला एक पायरी होती.

ज्यांनी ही यंत्रं जवळून पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. स्कूटरच्या मागे एक दुमडती पायरी असते. यू आकारात वाकवलेला स्टीलचा पाईप, दोन बाजूंना दोन बोल्ट, आणि भार निघाला की तिला वर खेचून घेणारी स्प्रिंग. पडलेल्या माणसाने ती हाताने खाली ओढायची, तिच्यावर भार द्यायचा, मागच्या सपाट भागावर गुडघा टेकायचा आणि सीटवर यायचं. सांगायला सोपं आहे. त्या पायरीवरचं रबर मात्र कधीच निघून गेलं होतं, पाईप गुळगुळीत झाला होता आणि एका बाजूचा बोल्ट इतका ढिला होता की पाय ठेवला की ती तिरकी होई. मी पाय ठेवला, घसरलो. गुडघा ठेवला, घसरलो, नडगी सोलून निघाली. संपतने हात पुढे केला.

"द्या हात, सायेब."

मागून कर्कश शिट्टी वाजली. "संपत, हात मागे! ओढायचं नाही. घाई नाही, येतील ते."

मी आलो नाही. बराच वेळ धडपडलो आणि शेवटी पायरीला लोंबकळत राहिलो. दम लागला होता, आणि दमापेक्षा लाज जास्त होती. मग मी नेहमी करतो ते केलं. माफी मागितली. "सॉरी बाई. वजन वाढलंय. व्यायाम सुटलाय. माझीच चूक—"

बाईंनी मोटरबोट जवळ आणली होती. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. वाकून, डोळे बारीक करून त्या पायरीकडे बघत होत्या.

"तुम्ही कशाला सॉरी म्हणता? दोष पायरीचा आहे," त्या म्हणाल्या. "बोटीच्या शिडीने वर या. आणि मग ती काढा."

संध्याकाळपर्यंत मी ओल्या पँटने उकिडवा बसून बोल्ट उघडत होतो. नोकरी मिळाली की नाही हे विचारायचं राहूनच गेलं.

*

मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. दूध उतू गेलं तर मी गॅसपासून तीन खोल्या लांब असलो तरी मला चुटपुट लागते. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो तो बंद पडला, तो मालकांच्या भांडणामुळे. पण घरी बसलेल्या दिवसांत मी बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. ती संध्याकाळी शिकवण्या घ्यायला लागली तेव्हा मुलांच्या चपला दाराशी नीट लावून ठेवायचं काम मी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं, जणू तेवढ्याने फेड होणार होती. अशा माणसाला कुणीतरी भर पाण्यात, भर पराभवात सांगितलं की दोष पायरीचा आहे. मी ते वाक्य घरी घेऊन गेलो. रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काय?" मलाही नीट सांगता येईना.

बाई पूर्वी मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. पोहणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात किंवा सोसायटीचे अध्यक्ष होतात. बाईंनी बंद पडलेलं बोटिंग विकत घेतलं. सुती पंजाबी ड्रेस, त्यावर खिसेवाला मर्दानी शर्ट, गळ्यात शाळेतलीच शिट्टी. त्या सगळ्यांशी वर्गात उभ्या असल्यासारख्या बोलत. मुंबईहून मोठमोठ्या गाड्यांतून आलेले लोकही त्यांच्यासमोर नकळत रांग करत. मला त्या "अहो स्टोअरकीपर" म्हणायच्या, शेवटपर्यंत.

त्यांच्या पर्समध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे असत. पंक्चरच्या दुकानापुढून जाताना त्या रिक्षा थांबवत आणि टाकून दिलेली ट्यूब ओढून बघत, जशा इतर बायका साडीचा पोत बघतात. द्राक्षबागेच्या बांधावर ठिबकची जुनी नळी पडलेली दिसली तर बागवाल्याला हाक मारत.

"दादा, ही नळी फेकताय का?"

"फेकलेलीच हाय की, बाई. तुमी कशाला इचारता? बाग लावली का काय पाण्यात?"

"पायरी लावतेय."

बागवाला संपतकडे बघायचा. संपत आकाशाकडे.

या पायऱ्या नव्या मिळत नाहीत असं नाही. मिळतात. पण त्या परदेशातून येतात, येईपर्यंत हंगाम संपतो, आणि आल्या तरी जुन्या पायऱ्यांसारख्याच झिजतात. बाईंचं म्हणणं याहून वेगळं होतं. "नवी वस्तू लावली की आपण तिच्याकडे बघायचं सोडतो. मला बघत राहणारी माणसं पाहिजेत." म्हणून सोमवारी बोटिंग बंद असे आणि चारही पायऱ्या काढल्या जात. आम्ही त्या धुऊन टॉवेल वाळत घालायच्या तारेवर टांगायचो आणि चहा घेत त्यांच्याकडे बघायचो. खरोखर नुसतं बघायचो. कुठे चकाकी आली, कुठे भोक लांबट झालं, कुठली स्प्रिंग आळसावली. माझ्या सासऱ्यांनी एकदा हे दृश्य पाहिलं आणि घरी जाऊन मुलीला विचारलं, "जावईबापूंचं डोकं ठीक आहे ना?"

दुरुस्तीची त्यांची रीत आजही माझ्या हातात आहे. पाईप आधी विटकरीच्या तुकड्याने घासून खरबरीत करायचा. त्यावर ठिबकची नळी उभी चिरून बसवायची, म्हणजे पायाला जाडी मिळते. नळी एकटी ठेवली तर ओली झाल्यावर साबणासारखी होते, म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी, जिवाच्या आकांताने ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळायची. गोंद अजिबात नाही. मी पहिल्यांदा हौसेने गोंद लावला तेव्हा त्यांनी काही न बोलता ती पायरी आठवडाभर बादलीत बुडवून ठेवली. पुढच्या सोमवारी पट्टी माझ्या हातात सापाच्या कातेसारखी निघून आली. "पाण्यात ताण टिकतो," एवढंच त्या म्हणाल्या. पट्टीची टोकं आत खोवून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची. स्प्रिंग गेलीच असेल तर तिच्या जागी ट्यूबचाच दुहेरी पट्टा. बोल्ट स्टीलचे, आणि त्यांना आत प्लास्टिकची कडी असलेले नट, जे थरथरीने सुटत नाहीत. पायरी जिथे डुगडुगते तिथल्या चकत्या त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डमधून कापल्या होत्या. तो पाण्याने फुगत नाही. त्यानंतर त्यांच्या घरी भाजी वर्तमानपत्रावर चिरली जात असे.

आणि ताटल्या. पायरीचे बोल्ट स्कूटरच्या पातळ अंगातून आरपार जातात. जड माणूस चढला की तिथे चीर जाण्याची भीती असते. म्हणून आतून पत्र्याचा मोठा तुकडा लावून भार पसरवायचा. त्यासाठी बाई आपल्या लग्नात आहेरात आलेल्या स्टीलच्या ताटल्या कापत. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नाव कोरायची पद्धत आहे. त्यामुळे एका स्कूटरच्या पोटात बाईंची मावशी होती, एकीत दिराचे सासरे, आणि एकीत 'सर्व मित्रमंडळ' यातलं फक्त 'मंडळ'.

"बाई, यांना कळलं तर काय म्हणतील?" मी एकदा विचारलं.

"मावशीने आयुष्यभर माणसांचा भार उचलला. तिला सवय आहे."

पायरी परत बसली की चाचणी. म्हणजे मी पडायचं. दर सोमवारी, पाऊस असो की थंडी, सगळ्यांत जड माणूस या नात्याने मी चारही स्कूटरवरून पडून चारही पायऱ्यांनी वर यायचो. संपतला यात कधीच कंटाळा आला नाही. "सायेब, आज जेवून आले का? मंग चाचणी चांगली होईल." वर्षभरात मला पाण्याची भीती वाटायची थांबली. पोहायला मात्र आलं नाही. बाई म्हणत, "शिकू नका. पोहता आलं की तुम्ही पायरीवर उपकार केल्यासारखे चढाल."

*

पण बाईंची खरी तऱ्हा वेगळीच होती, आणि ती पाहायला लोक पाण्यात पडायचे असं संपत म्हणत असे.

एकदा एक कुटुंब आलं होतं. घरातले कर्ते गृहस्थ माझ्याच वयाचे, माझ्याच अंगाचे. हसतखेळत गेले आणि वळणावर पडले. पायरी ठणठणीत होती, पण ते घाबरले होते. ओला कुर्ता डोक्यावर आला होता, पाय पायरीला सापडत नव्हता. धक्क्यावर त्यांचे मेव्हणे, भाचे, सुना सगळे मोबाईल काढून उभे. हसणं चाललेलं. "मामा, पोट आत घ्या!" "अरे, क्रेन बोलवा क्रेन!"

बाईंनी शिट्टी अशी वाजवली की काठावरचे बगळे उडाले.

"मोबाईल खाली! सगळ्यांनी पाठ फिरवा!"

"अहो मॅडम, गंमत—"

"पाठ फिरवा म्हटलं ना! माणूस चढतोय."

आणि ती पंधरावीस माणसं, नव्या कपड्यांतली, गॉगलवाली, शाळेच्या मैदानावर असल्यासारखी मागे वळली. समोर नुसती द्राक्षबाग. बाईंनीही पाठ फिरवली, मीही. नियम एवढाच होता की एकट्या संपतने जवळ बोटीत थांबून नजर ठेवायची, कारण जिवाशी खेळ नको. बाकी कुणी बघायचं नाही. मागे पाण्याचे आवाज येत राहिले, एकदा पायरीचा खण् असा आवाज झाला, मग धाप, मग बराच वेळ काही नाही. मग संपत ओरडला, "आले सायेब वर!"

वळून पाहिलं तर गृहस्थ सीटवर बसले होते आणि केस मागे सारत होते, जणू काही झालंच नाही. जाताना ते बाईंपाशी आले. बाईंनी त्यांना मूठभर शेंगा दिल्या.

नंतर मी विचारलं, हे पाठ फिरवण्याचं कुठून काढलं. त्या म्हणाल्या, "पोहायला शिकवताना पाहिलंय मी. मुली पाण्याला घाबरत नाहीत. काठावरच्यांना घाबरतात."

त्याला जोडूनच त्यांचा दुसरा नियम होता. ज्याला आपलं आपण वर येता येत नाही त्याने खोल पाण्यात जायचं नाही. ओढून काढलेला माणूस परत कधी येत नाही, त्या म्हणायच्या, आणि त्याचा अर्थ गिऱ्हाईक बोटिंगला परत येत नाही एवढाच नसे. नियमाला अपवाद नव्हता. त्यांनी स्वतःलाही अपवाद धरलं नव्हतं.

*

त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली ते वर्ष मी एकट्याने सांभाळलं. बाई घरून फोन करायच्या, आणि फोनवरसुद्धा आधी पायऱ्यांची चौकशी. काठी सुटली, चालणं सरळ झालं, डॉक्टरांनी पाण्यात जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. फक्त गुडघ्यांवर बसायचं नाही. टेकायचेच नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ती बँकेत आहे, इंदिरानगरला राहते, आईला तिनेच आपल्याकडे आणलं होतं.

"काका, एक काम करा माझं. आई सोमवारी येतेय तिकडे. तिला पाण्यात जाऊ देऊ नका."

"माझं ऐकतील का त्या?"

"तुमचंच ऐकते. माझं तर ती ऐकूनच घेत नाही. काका, मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसले होते. परत नाही बसायचं मला. म्हणा ना, की बाई, आता पुरे."

"म्हणतो," मी म्हणालो. "शब्द देतो."

हे मी मनापासून म्हणालो. मुलीचं काही चुकत नव्हतं. मला स्वतःलाही वाटत होतं की बाईंनी आता काठावर खुर्ची टाकून बसावं, शेंगा खाव्यात, आम्हाला रागवावं. त्यात काय कमी होतं?

सोमवारी बाई आल्या, मुलीला सोबत घेऊन. माझं वाक्य तयार होतं. ते तोंडाशी येईपर्यंत बाईंनी भिजू नयेत म्हणून शर्टाच्या खिशातून किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि जॅकेट आवळलं. "नियम म्हणजे नियम. आधी मी पडून दाखवते, मग ठरवू." मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पायांकडे.

त्या पडल्या छानच. वर येताना पायरी खाली ओढली, पाऊल ठेवलं, आणि पुढचं पाऊल कुठे ठेवायचं हे त्यांना उमगेना. पायरीपासून मागचा सपाट भाग इतका उंच की मधे गुडघा टेकावाच लागतो. गुडघा टेकायचा नव्हता. त्यांनी हातांच्या जोरावर अंग उचललं, तोल गेला, परत पाण्यात. पुन्हा तेच. आम्ही पाठ फिरवून उभे होतो, तरी प्रत्येक वेळचा आवाज कळत होता. मुलीने माझं मनगट धरलं होतं. मग बराच वेळ आवाज आला नाही आणि मोटरबोटीच्या शिडीची ओळखीची करकर ऐकू आली.

बाई धक्क्यावर आल्या. ओल्या अंगानेच त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या, स्टोअरकीपर. माझं वय झालं. तुम्ही सांभाळा आता."

त्यांच्या आवाजात रडू वगैरे काही नव्हतं. वर्ग बदलून जाणाऱ्या बाई जसा खडू टेबलावर ठेवतात तशी शिट्टी त्यांनी धरली होती. मुलीने सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला. मला फक्त गप्प राहायचं होतं. हात पुढे करून ती शिट्टी घेतली असती की माझा शब्द पाळला जाणार होता, तेही एक अक्षर न बोलता.

मी हात पुढे केला नाही. म्हणालो, "बाई, तुम्ही कशाला वय काढता? दोष पायरीचा आहे."

संपतने तेवढ्यात पाना शोधायला सुरुवात केली होती.

"काका," मुलगी हळू म्हणाली, "तुम्ही मला शब्द दिला होतात."

"हो, दिला होता."

बाईंनी शिट्टी परत गळ्यात घातली नाही. खिशात ठेवली. म्हणाल्या, "काढा मग."

*

पहिला प्रयत्न माझा फसला. मी जाड दोरीची रकाब केली, घोड्याच्या खोगिराला असते तशी, आणि तळाशी ठिबकच्या नळीचा तुकडा घालून पायरीखाली लटकवली. हे करताना मला फार हुशार वाटत होतं. चाचणीला मी दोरीत पाय घातला आणि भार दिला, तर रकाब सरळ स्कूटरच्या पोटाखाली गेली, तिच्या मागोमाग माझा पाय गेला आणि मी उताणा झालो. आकाश दिसलं. त्यात संपतचं तोंड डोकावलं.

"सायेब, निजले का? आणि ही दोरी मशीननं खाली ओढून घेतली मंग? इंजिन हितूनच पाणी गिळतंय ना."

तो बरोबर होता. दोरी इंजिनच्या तोंडापाशी नकोच होती. मी लगेच सॉरी म्हणालो. धक्क्यावर काठी नसताना काठी टेकल्यासारख्या उभ्या असलेल्या बाई ओरडल्या, "कुणाला म्हणताय सॉरी? दोरीला?"

मग दोरी सोडली. जुन्या पायरीच्या खाली, दोन बाजूंना पोलादी पट्ट्या बिजागरीसारख्या जोडून, दुसरी पायरी केली. पट्ट्या मागे झुलतील पण पोटाखाली जाणार नाहीत, म्हणून त्यांना स्कूटरच्या पाठीला टेकणारा रबरी ठोकळा दिला. तो बायकोच्या झिजलेल्या चपलेच्या टाचेचा होता. वर सीटच्या मागे ट्रकवर माल आवळायच्या पट्ट्याची मूठ शिवली, म्हणजे हाताला धरायला उंच जागा मिळाली. आता खालच्या पायरीवर एक पाऊल, वरच्यावर दुसरं, मूठ धरून तिसरं पाऊल थेट सपाट भागावर. गुडघा कुठेच नाही. दोन पायऱ्यांचा भार पेलायला आतून पत्रा मोठा लागणार होता. बाईंच्या ताटल्या आता मुलीच्या घरी होत्या. मागायची माझी हिंमत नव्हती. मी आमच्या लग्नातली काढली. बायकोने नाव वाचलं, माझ्या आत्याचं, आणि म्हणाली, "कापा. आत्या जाड होत्या, त्यांना कळेल."

दोन सोमवार मी त्या पायऱ्यांनी चढत राहिलो. तिसऱ्या सोमवारी बाईंना बोलावलं.

मुलगी आली होती. माझ्याशी बोलली नाही. मी नमस्कार केला, तिने मान हलवली, तेवढंच. मला ते न्याय्य वाटलं. काही झालं असतं तर मी तिला कुठलं तोंड दाखवणार होतो, हा विचार मी रात्रभर केला होता आणि त्या क्षणीही करत होतो.

बाई मध्यावर गेल्या. पडल्याचा आवाज आला. संपतने बोट जवळ नेली.

शिट्टी बाईंच्या खिशात होती आणि बाई पाण्यात, म्हणून या वेळी ओरडायला कुणी नव्हतं. मीच म्हणालो, "पाठ फिरवा." मुलगी वळली नाही. "मी तिची मुलगी आहे, काका." थोड्या वेळाने तिच्या चपला फळीवर घासल्याचं ऐकू आलं. तीही वळली होती.

समोर बाग होती. छाटणी नुकतीच झाली होती, वेलांवर नुसती लाकडं. मागे पाणी हललं. पायरी खाली ओढल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या पायरीचा, जरा खालच्या सुरातला. मग काही नाही. एकदा बाईंनी जोरात श्वास घेतल्यासारखं वाटलं. मुलगी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मला वाटलं देवाचं नाव असेल. नीट ऐकलं तेव्हा कळलं, ती म्हणत होती, "घाई नाही, आई. घाई नाही."

खण्. मग पाण्याची धार, अंगावरून निथळते तशी. पुन्हा शांतता. संपतने "आल्या वर" म्हणायला हवं होतं. तो म्हणत नव्हता. मी वळणार, तेवढ्यात पाण्यावरून शिट्टी वाजली. लांब, कर्कश, शाळेतली.

"स्टोअरकीपर! डावीकडचा बोल्ट वाजतोय. काढा!"

मी पाना घेतला, जॅकेट आवळलं आणि पाण्यात उतरलो.